रणपिसे सरांचा प्रांत

मेलबर्नच्या क्लेटन भागात आमच्या शेजारच्या युनिटमध्ये राहणारे रणपिसे सर कॅनबेराला कॅनबेरा म्हणायचे नाहीत, राजधानी म्हणायचे. मेलबर्न हा प्रांत आणि आपण सगळी प्रांतातली माणसं. व्हिसाचे नियम बदलले की माझा नवरा संजय डोक्याला हात लावून बसायचा, आणि सर कुंपणापलीकडून अगदी शांतपणे म्हणायचे, "संजयराव, ब्रिटनमधले लोक दोन हजार वर्षांपूर्वी असेच बसायचे. रोमहून काय हुकूम येतोय याची वाट बघत." आता सकाळी सकाळी कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेताना कोणी हे ऐकवलं तर माणसानं काय बोलावं? संजय आपला "हो ना सर" म्हणून ट्रेन गाठायला पळायचा.

सर एका युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, रोमन ब्रिटन शिकवायचे. मला आधी वाटलं होतं, राजे, लढाया, सनावळ्या असणार. तसं काही नव्हतं. ते बेट रोमच्या हाताखालचा एक लांबचा, गारठलेला, कोणाच्या खिजगणतीत नसलेला प्रांत होता, तेव्हा तिथली साधी माणसं काय खायची, कोणाला घाबरायची, कोणापुढे वाकायची, हा त्यांचा विषय. नोकरी कायमची कधी झालीच नाही. दर सेमिस्टरला नवं कॉन्ट्रॅक्ट, तेही वर्गात मुलं पुरेशी आली तर. साठीला टेकलेला, पीएचडी झालेला माणूस, आणि दर जुलैत रिझल्ट लागायचा असल्यासारखा ईमेल उघडून बसलेला असायचा. मला त्या युनीचा असा संताप यायचा! सरांना मात्र कधी चिडलेलं पाहिलं नाही. "सीमेवरच्या शिपायाला पगार उशिराच मिळतो," म्हणायचे, आणि भाजी आणायच्या चाकांच्या पिशवीत पुस्तकं भरून बसस्टॉपकडे निघायचे.

एकदा मी विचारलंच. म्हटलं, "सर, एवढं जग पडलंय, त्यात हेच का सापडलं तुम्हाला?"

"आमचे शाळेतले मास्तर सांगायचे, इंग्रज आले म्हणून आपल्याला रस्ते मिळाले, कायदा मिळाला, घरात नळ आले. मी खडकीच्या शाळेत मागच्या बाकावर बसून ते लिहून घ्यायचो. कॉलेजात गेल्यावर वाचलं की त्या इंग्रजांच्या बेटालाही कोणीतरी येऊन रस्ते दिले होते, कायदा दिला होता, आंघोळीचे हमामखाने बांधून दिले होते. तेही कोणाचे तरी नेटिव्ह होते, ताई! जवळजवळ चारशे वर्षं! मला इतका आनंद झाला की मी पळत घरी जाऊन आईला सांगितलं."

"मग काय म्हणाल्या आई?"

"भाकरी थापत होती. म्हणाली, मग तिथं पाणी कोण भरायचं?" सर हसले. "मला उत्तर माहीत नव्हतं. अजून शोधतोय."

एवढंच त्यांचं चरित्र मला माहीत. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी कॅनबेराला गुंगालिनमध्ये सरकारी नोकरीत. तिचा फोन आला की सर मराठीत बोलायचे आणि ती इंग्रजीत उत्तरं द्यायची. त्याचं त्यांना वाईट वाटायचं नाही म्हणे. मला काही ते खरं वाटत नाही.

सवयी एकेक विचित्र. भर थंडीतही हीटर लावायचे नाहीत. घरात कानटोपी, हातविणीचा तपकिरी स्वेटर, पायात लोकरीचे मोजे, आणि टेबलावर चहाचा थर्मास. कोणाकडे जेवायला गेले की यजमानाचं कौतुक करायच्या आधी भांडी कोण घासणार ते विचारायचे आणि बऱ्याचदा स्वतःच घासायला उभे राहायचे. बायका खूश, नवरे अवघडलेले. संग्रहालयात कुठला सुंदर दगड दिसला की सगळे फोटो काढायचे आणि हे पाठीमागे जाऊन बघायचे. "पुढची बाजू देवाची, मागची बाजू पाथरवटाची," असं त्यांचं म्हणणं. मला ते वाक्य फार आवडायचं.

एका जानेवारीत त्यांनी मागच्या अंगणात मातीचा रांजण ठेवला. रोमन लोक आंबवलेल्या माशांचं पाणी सगळ्या जेवणावर शिंपडायचे, स्पेनहून जहाजं भरून ते ब्रिटनला जायचं, तर त्याची चव काय होती हे विद्यार्थ्यांना नुसतं सांगून काय उपयोग, असं सरांचं डोकं चाललं. बारके मासे, बांगड्यांची आतडी आणि मूठमूठ मीठ. वर फडकं बांधून रांजण उन्हात. अहो, चाळीस डिग्रीचं ऊन! आठवड्याभरात आमच्या गल्लीत मांजरांचं संमेलन भरलं. शेवटी पलीकडचा रॉन, पक्का ऑसी म्हातारा, नाकाला रुमाल लावून आला. म्हणाला, "मेट, तुझ्या बॅकयार्डात काहीतरी मेलंय."

"हो," सर म्हणाले, "बरंच जुनं आहे ते."

आणि त्याला आत बसवून, ते पाणी गाळून, दोन थेंब त्याच्या चिप्सवर घातले. रॉननं डोळे मिटून खाल्लं आणि म्हणाला, "नॉट बॅड." दुसऱ्या दिवसापासून तोच मांजरं हाकलायला बसू लागला. सर मला म्हणाले, "बघा ताई, साम्राज्यं अशीच पसरतात. आधी वास येतो, मग सवय होते."

त्याच पाण्याची बाटली घेऊन सर आमच्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात भाषणाला गेले. विषय मंडळाचे सेक्रेटरी सबनीस यांनीच दिलेला, 'प्राचीन युरोपातील खाद्यसंस्कृती.' त्यांना वाटलं असणार द्राक्षं, ऑलिव्ह, मध. सरांनी बूच उघडलं आणि पहिल्या दोन रांगा मागे सरकल्या. मालवणच्या आमच्या शुभांगीनं मात्र बोट बुडवून चाखलं आणि सगळ्यांसमोर "अगो, ह्या तर आमच्या घरचा!" म्हणून ओरडली. मी हसून हसून बेजार. सबनीसांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. चहाच्या वेळी ते हळूच मला म्हणाले, "रणपिसे म्हणजे नेमके कुठले हो?"

माझा जन्म गेलाय पुण्यात. हा प्रश्न गावाबद्दल नसतो, हे मला शेंबडी असल्यापासून माहीत आहे. मी म्हटलं, "क्लेटनचे." त्यानंतर मंडळानं सरांना कधी बोलावलं नाही.

आता ज्या वर्षाबद्दल सांगायचंय तिकडे येते. त्या जुलैत सरांच्या विषयाला मुलं कमी पडली. अजून चार-पाच आली नाहीत तर वर्ग बंद. सर आमच्याकडे आले, चपला काढून दारातच उभे राहिले. हा माणूस स्वतःसाठी काही मागायला आला की मलाच कसंतरी व्हायचं. "ताई, केतकीला एक इलेक्टिव्ह घ्यायचाय ना?" एवढंच म्हणाले.

केतकी माझ्या नणंदेची मुलगी, पुण्याहून कॉमर्स शिकायला आलेली, आमच्याकडेच राहायची. पोरगी हुशार, पण कामचुकार. तिनं लगेच मोबाईलवर ग्रुपला कळवलं. काय कळवलं ते मी नंतर वाचलं. 'आपले मराठी सर आहेत, नो वरीज, मार्क पक्के.' दोन दिवसांत सबनीसांचा आर्य आला, आणखी दोघं आले. वर्ग वाचला. सर पेढे घेऊन आले आणि केतकीला म्हणाले, "तुझे उपकार आहेत गं माझ्यावर." ती मोबाईलमधून मान वर न करता "ऑल गुड, सर" म्हणाली.

सर त्या सेमिस्टरला इतके खुशीत होते! रोज कुंपणाशी येऊन वर्गातलं काहीतरी सांगायचे. उत्तरेच्या सीमेवरच्या एका किल्ल्यात पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईनं लिहिलेली पत्रं सापडली आहेत. कोणाला लोकरीचे मोजे पाठवलेत, कोणी वाढदिवसाला बोलावलंय, कोणी आपल्या ओळखीच्या माणसाला नोकरीला लावा म्हणून साहेबाला गळ घातली आहे. "वशिला, ताई, वशिला! आपल्याला वाटतं आपणच शोधला. अख्खा प्रांत त्यावर चालायचा. लायकी नंतर, आधी तू कोणाचा माणूस ते सांग." केतकी जेवणाच्या टेबलावर डोळे फिरवायची. "मामी, ही इज सो एक्स्ट्रा."

त्या वर्गात ह्या चौघांव्यतिरिक्त अजून एक मराठी मुलगा होता, प्रशिक मेश्राम, नागपूरचा. हा मार्कांसाठी आलेला नव्हता. शिकत होता इकॉनॉमिक्स, पण सरांचं एक व्याख्यान ऐकून स्वतःहून नाव घातलेलं. अर्ध्या फीची स्कॉलरशिप होती, आणि एकाही विषयात नापास झालं तर ती बंद, अशी अट. उरलेल्यासाठी एका गोदामात शिफ्ट करायचा. सरांच्या तोंडी सारखं त्याचं नाव. एकदा वर्गात हमामखान्याचं चित्र लावलं होतं. सगळे संगमरवर बघत होते, आणि ह्यानं विचारलं, "सर, खाली भट्टीत लाकडं सारणाऱ्याला वर आंघोळीला परवानगी होती का?" सर मला सांगताना थांबले, चष्मा पुसला. "एवढी वर्षं शिकवतोय. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. हा पोरगा पुढे जाईल, ताई. माझ्या पुढे जाईल."

दसऱ्याला प्रशिक आणि सर सकाळी बसनं विहारात गेले होते. केतकीनं दुपारी प्रशिकला जेवायला बोलावलं. मला बरं वाटलं, म्हटलं पोरीला कधी नव्हे ती माणुसकी सुचली. आर्य आणि बाकीचे दोघंही आले. प्रशिक पांढऱ्या शर्टात, हातात फुलांचा गुच्छ घेऊन. "काकू, इथं आल्यापासून कोणाच्या घरी पहिल्यांदाच जेवतोय," म्हणाला आणि पुरणपोळीवर तूप नको नको म्हणता तीन वेळा घेतलं. ती पोरं त्याच्या पाठीवर थापा मारत होती, ब्रो ब्रो करत होती. असा खुलला होता तो! जाताना स्वतःचं ताट धुऊन ठेवलंन. त्याच संध्याकाळी केतकीनं त्याच्याकडे सरांच्या विषयाचा निबंध मागितला, 'फक्त कसा लिहायचा ते बघायला,' आणि त्यानं पाठवून दिला.

हे मला पंधरा दिवसांनी कळलं, सर घरी आले तेव्हा. चहा दिला तो तसाच ठेवला. केतकीला समोर बसवून म्हणाले, "पाच जणांचा एकच निबंध आलाय. शब्द तेवढे इकडचे तिकडे केलेत. सोमवारी मला वर कळवावं लागेल. त्याआधी रविवारी पाचही जण माझ्या घरी या. कोणी लिहिला ते तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा. ज्यांनी लिहिला नाही त्यांनी माझ्यासमोर बसून दुसरा लिहा. आपण होऊन कबूल केलंत हे मी रिपोर्टात वरच लिहीन. थोडे मार्क जातील, बाकी कोणाचं काही वाकडं होणार नाही."

केतकी नखं बघत बसली. ती आत गेल्यावर मी सरांना विचारलं, "तुम्हाला माहीत आहे ना कोणी लिहिलाय?"

"भट्टीवर दोन पानं आहेत त्यात. आणखी कोण लिहिणार?"

"मग गप्प बसता नाही येणार? तुमच्याशिवाय कोण वाचतंय ते?"

"कोणी नाही वाचत. पण मी गप्प बसलो तर पुढच्या वर्षी अजून दहा जण येतील, आपले सर म्हणून. आणि त्या पोराचा निबंध चोरीला गेलाय, ताई. तो त्याच्या नावावर राहायला हवा. खरं सांगितलं की तो सुटेल. खऱ्याला काय भीती?"

खऱ्याला काय भीती! 

शनिवारी सबनीस काजूकतलीचा बॉक्स घेऊन सरांकडे आले, सोबतीला आमच्या संजयला ओढून नेलं. नणंदेचे फोन सुरू होतेच, त्यामुळे संजयला नाही म्हणता येईना. तो परत येऊन सांगत होता. सबनीस म्हणाले, "सर, आपलीच मुलं आहेत. सांभाळून घ्यायचं." सर म्हणाले, "सांभाळायलाच रविवारी बोलावलंय." बॉक्स उघडला नाही, परत हातात दिला. फाटकाबाहेर येऊन, मी तुळशीला पाणी घालत होते ते दिसत असूनही, सबनीस म्हणाले, "ह्या लोकांना संधी मिळाली की दाखवतातच."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हटलं, "सबनीस, तुमच्या आर्यनं मेश्रामचा निबंध उतरवला तेव्हा 'हे लोक' आठवले नव्हते का?" संजय मला डोळ्यांनी गप्प करत होता. सबनीस गाडीत बसून निघून गेले.

रविवारी सरांनी माझ्याकडून घडीच्या खुर्च्या नेल्या. पोहे केले. पाच खुर्च्या, पाच कोरे कागद, पाच पेनं. मी केतकीच्या खोलीचं दार वाजवून वाजवून थकले. शेवटी तिनं फोन स्पीकरवर टाकून माझ्यापुढे धरला. नणंद म्हणाली, "वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. सबनीसांनी वकिलाला विचारलंय. कोणी काही कबूल करायचं नाही." केतकीच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ती उठली नाही. मी तिला नको नको ते बोलले. काही उपयोग झाला नाही.

सरांना खोबऱ्याची चटणी नेऊन द्यायच्या निमित्तानं मी गेले, तर एकटा प्रशिक बसला होता. मी स्वयंपाकघरातच थांबले.

"सर, आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिला," तो म्हणत होता.

"खोटं बोलतोस."

"मैत्रीत चालतं सर एवढं. मी एकटा सुटून कसा जाऊ? त्यांच्या घरी जेवलोय मी. ते पण हेच सांगणार आहेत, आमचं ठरलंय. सगळे बरोबर असलो की कोणाला काही होत नाही."

"प्रशिक, ते आलेत का इथं? बघ ह्या खुर्च्यांकडे."

"येतील सर."

ते दोघं वाट बघत बसले. पोहे गार झाले. अंधार पडायच्या सुमाराला खुर्च्या परत आल्या, सरांनी त्या स्वतः आणून भिंतीला लावून ठेवल्या. 

सोमवारी सरांनी कळवलं. पाच निबंध सारखे आहेत, त्यातला एक अस्सल आहे आणि तो कोणाचा याची आपल्याला खात्री आहे, असं लिहिलं. मग युनीत चौकशी झाली. चौघंही आपापल्या वेळी आत गेले आणि पाठ केल्यासारखं एकच बोलले. त्यानं पाठवला, आम्ही मागितला नव्हता, आम्ही फक्त रेफरन्सला बघितला. प्रशिक आत गेला आणि ठरल्याप्रमाणे म्हणाला, आम्ही मिळून लिहिला. झालं! आपल्याच तोंडानं अडकला. सरांना विचारलं, अस्सल आहे म्हणता, पुरावा काय? सर म्हणाले, "त्या भट्टीवाल्याचा प्रश्न फक्त त्यालाच पडतो." असला पुरावा कुठल्या समितीला चालणार? चौघांना ताकीद आणि पुन्हा लिहायची संधी. ज्यानं निबंध वाटला त्याला शून्य. विषय गेला, म्हणून स्कॉलरशिप गेली, म्हणून पुढच्या फीला पैसे नाहीत, म्हणून व्हिसा नाही. एकामागून एक दारं बंद होत गेली आणि सर ह्या ऑफिसातून त्या ऑफिसात चाकांची पिशवी ओढत फिरत राहिले. डीनला भेटले, मुलीकरवी कॅनबेराला कोणाकोणाला ईमेल केले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणापुढे तरी शब्द टाकला असेल. त्यांच्याकडे कोणाचाच वशिला नव्हता.

विहारातल्या लोकांनीही त्यांना सोडलं नाही. "सबनीसांना काय बोलायचं, सर? तुम्हीच आपलं पोर बुडवलंत." सर ऐकून घेत. आमच्या मंडळात तर उलटंच. पोरं थोडक्यात वाचली म्हणून सत्यनारायण झाला. मी गेले नाही. पुढच्या जुलैत सरांचा वर्ग भरलाच नाही. कोणाला काढावंही लागलं नाही, नावंच आली नाहीत. सबनीस म्हणाले म्हणे, सुंठीवाचून खोकला गेला. सर युनिट सोडून गुंगालिनला मुलीकडे गेले. केतकी आता सिडनीला पॅरामॅटाच्या एका बँकेत आहे, छान चाललंय तिचं. दिवाळीला फोन करते. मी बोलते, पण तुटकच.

सर मला शेवटचे नीट दिसले ते ह्या सगळ्याच्या मध्ये, फेब्रुवारीत, प्रशिक नागपूरला परत गेला त्या दिवशी. सर गाडी चालवत नसत. सकाळी दारात आले, इस्त्रीचा शर्ट घातलेला. "ताई, एअरपोर्टला सोडाल?" बाहेर असं ऊन की रस्ता वितळत होता. 

प्रशिकबरोबर गोदामातले दोन मित्र होते, एक पंजाबी, एक नेपाळी. आमच्यातलं कोणी नव्हतं. सर जरा लांब उभे राहिले. प्रशिकनं त्यांना पाहिलं, मित्रांना थांबायला सांगितलं आणि जवळ आला. बारीक झाला होता. मला "काकू" म्हणून नमस्कार केला. मग सरांकडे वळून, अजिबात आवाज न चढवता, वर्गात विचारावं तसं विचारलं,

"सर, तुम्ही सांगितलं नसतं तर कोणाला कळलं असतं?"

"कोणालाच नाही."

"मग?"

हा माणूस कागदाशिवाय दोन-दोन तास बोलायचा. रॉनला, सबनीसांना, रस्त्यावरच्या कोणालाही त्याच्याकडे उत्तर असायचं. सरांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. प्रशिक उभाच. टोमणा मारायचा म्हणून त्यानं विचारलं नव्हतं हो, त्याला खरंच ऐकायचं होतं. तो थांबला, बराच थांबला. मग त्या नेपाळी मुलानं हाक मारली.

"काळजी घ्या, सर," म्हणाला, बॅग खांद्यावर टाकली आणि आत गेला.

आम्ही परत आलो. घरापाशी गाडी लावली, इंजिन बंद केलं, तरी त्यांनी पट्टा सोडला नाही. आत उकडायला लागलं होतं. मी म्हटलं, "सर, घर आलं."

"हो."

"उतरताय ना?"

"ताई, विमान सुटलं असेल का?"

मी घड्याळ बघितलं. म्हटलं, "सुटलं असेल आता."

सर समोरच्या काचेतून बघत राहिले. दोन्ही हात मांडीवर, विद्यार्थी बसतात तसे. "इतका वेळ थांबला होता तो," म्हणाले. "निदान माहीत नाही, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं."